ताजवेबाबाच्या पाच घंटा

गुरुवारी सकाळची गाडी हातकणंगल्याला थांबली की निम्मा डबा तिथंच रिकामा व्हायचा. सुजलेले, वाळलेले, पोट वर आलेले, खोकणारे, सगळे रूळ ओलांडून पलीकडच्या माळाकडं चालू लागायचे. माळावर एक वड होता. वडाच्या आडव्या फांदीला जाड साखळी आणि साखळीला ताजवा टांगलेला. ताजवा एवढा मोठा, की एका पारड्यात माणूस मांडी घालून बसावा. दुसऱ्या पारड्यात किलोकिलोच्या गुळाच्या भेल्या चढायच्या.

"देह म्हंजे काय गा?" भगव्या कफनीतला बाबा ओरडायचा.

"पोतं!" गर्दी ओरडायची.

"पोत्यात काय?"

"पाप!"

"पाप किती? डाक्टर सांगंल? काच लावून बघणारा सांगंल? न्हाय! कोण सांगंल?"

"गूळ सांगंल!"

आणि गूळ खरंच सांगायचा. सुजलेला माणूस पहिल्या गुरुवारी साठ भेल्यांचा भरला तर दुसऱ्या गुरुवारी अठ्ठावन्नचा, तिसऱ्याला सत्तावन्नचा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. वाळलेला माणूस आला की त्याचं उलट. तो दर गुरुवारी चढत जायचा. सुजलेल्याचं पाप उतरतं आणि वाळलेल्याचं पुण्य चढतं, असा बाबांचा खुलासा होता. म्हणजे छापा पडो की काटा, जिंकणार बाबाच. तोललेला गूळ अर्थातच बाबांच्या मठात राहायचा. पापाचा गूळ घरी कोण नेणार?

तोलण्याआधी अट एकच. खिशातल्या, पिशवीतल्या, घरातल्या सगळ्या इंग्रजी गोळ्या धुनीत टाकायच्या. "गोळी पोटात हाय तवर गूळ बोलत न्हाय," असं बाबांचं म्हणणं.

मी माधव चौगुले, कोल्हापूरला वजनमापे खात्यात निरीक्षक. सतरा वर्षं मी व्यापाऱ्यांचे काटे तपासतोय. पण १९८७ च्या जानेवारीतल्या त्या गुरुवारी मी काटा तपासायला आलो नव्हतो. मी भाचीला शोधायला आलो होतो.

आदल्या दिवशी कोडोलीहून माझ्या बहिणीचं, शालनचं कार्ड आलं होतं. "दादा, नंदाचं तोंड पहिल्यासारखं झालं. ताजवेबाबाची कृपा. डॉक्टरच्या गोळ्या पाच आठवडे झाले बंद केल्या. उद्या सहावा गुरुवार. काळजी नसावी." दुसऱ्या कुणी हे कार्ड वाचून पेढे वाटले असते. मी लगेच दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

कारण नंदाच्या पोटात तिच्या आईची किडनी होती.

दोन वर्षांपूर्वी, नंदा साडेबारा वर्षांची असताना, तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. शालननं आपली एक काढून दिली. मुंबईच्या इस्पितळात दोघी मायलेकी दोन खोल्यांत पडलेल्या, आणि मी आणि माझे मेव्हणे पिराजी मधल्या बाकड्यावर. ऑपरेशन झालं, लघवी सुरू झाली, पिराजीनं बाकड्यालाच नमस्कार केला. तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं होतं. ते जे बोलले ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं.

"अगदी लहान मूल असतं ना, तीन-चार वर्षांचं, त्याचं ऑपरेशनच अवघड. नसा दोऱ्यासारख्या. मोठ्या माणसाची किडनी तेवढ्याशा पोटात बसवायची, रक्त गोठायची भीती. पण ते पहिले दिवस निभावले, की पुढं गाडी बरी चालते. का? गोळी आई भरवते. तुमच्या मुलीचं उलट आहे. तिचं ऑपरेशन सोपं झालं. अवघड आहेत ती पुढची पाच-सहा वर्षं. बारा ते अठरा या वयातल्या मुलांच्या चांगल्या चाललेल्या किडन्या मी जाताना बघितल्यात. म्हातारा माणूस मरणाला भिऊन गोळी घेतो. या वयाला मरण खरं वाटत नाही. मुलगी आरशासमोर जास्त वेळ उभी राहायला लागली, की मला कळवा."

"आरशाचा काय संबंध?" मी विचारलं होतं.

"पांढऱ्या गोळीनं चेहरा सुजतो. गोल होतो. गालावर लव येते. तिच्या शरीराला ही किडनी परकी आहे. ते तिच्यावर चालून जाणारच. पांढरी आणि पिवळी, या दोन गोळ्या त्याला आवरून धरतात. रोज. जन्मभर. एक आठवडा सुद्धा सुट्टी नाही."

आणि आता पाच आठवडे झाले होते.

गर्दीत मला आधी दिसल्या त्या पिराजीच्या आई, झुंबरबाई. हातात नारळ, तोंडावर विजय. शेजारी पिराजी डोक्यावर भेल्यांची पाटी घेऊन. त्याच्यामागं शालन, आणि शालनचा पदर धरून नंदा.

कार्डात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. चेहरा उतरला होता. हनुवटी दिसत होती. ऑपरेशनच्या आधीची नंदा माझ्यासमोर उभी होती.

"आला व्हय पावणं!" झुंबरबाई म्हणाल्या. "बघा, भाचीला तुमच्या वळकाय येतंय का? दोन वरसं त्या डाक्टरनं पोरगीचं तोंड डफडं करून ठेवलंतं. बाबांनी पाच गुरुवारात उतरीवलं."

"गोळ्या कुठं आहेत?" मी शालनला विचारलं.

"धुनीत टाकल्या," ती हळूच म्हणाली. "दादा, तू वरडू नगंस. बाबा काय म्हनले ठावं हाय? किडनी काय परक्याची हाय व्हय? आईची हाय. माझंच रगात. रगात रगताला वळकतंय की. दोन वरसात मिसळलं आसंल आता."

आपल्या कुशीवर वीतभर वण घेऊन उभ्या असलेल्या बाईला तिचं रक्त तिच्याच लेकीच्या अंगाला परकं आहे, हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "शालू, आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला चल. हात जोडतो."

पिराजीनं पाटी खाली ठेवली. तो शांत माणूस. स्वतःचं गुऱ्हाळ चालवतो, त्याच्या गुळाला शाहूपुरीच्या बाजारात मान आहे. "पावणं, मी बी खुळा न्हाय," तो म्हणाला. "पयल्या गुरुवारी मला बी शंका आली. मठातला गूळ असंल तर काय सांगावं, आतनं पोकळ असंल. म्हणून गूळ माझा आणला. रस माझा, साचा माझा, भेली माझी. डोळं मिटून हातात द्या, तोळ्याचा फरक सांगतो. पयल्या खेपंला पोरगी पस्तीस भरली. मग चौतीस, तेहतीस, बत्तीस. गेल्या गुरुवारी एकतीस. ताजवा रिकामा असतो तवा दांडी सरळ असत्या, ती बी मी बघतो. आता सांगा, गूळ खोटं बोलंल?"

आयुष्यभर गूळ केलेल्या माणसाला गुळाची लबाडी कळते. त्यानं गूळ तपासला, आणि गूळ खरा निघाला, म्हणून बाकी सगळं खरं धरलं. मी त्याच्याजागी असतो तर हेच केलं असतं.

तेवढ्यात नंदानं माझी बाही ओढली.

"मामा," ती कुजबुजली. तोंडाला घाण वास येत होता. "माझं पैंजण बघ."

मी खाली वाकलो. पैंजण मांसात रुतलं होतं. मी नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा पडला. मी मनात दहा आकडे मोजले तरी खड्डा भरला नाही.

"कधीपासून?"

"परवापासनं. लघवी बी होत न्हाय. आज्जीला सांगितलं, तर म्हणली पाप खाली उतरालंय. मामा, मला भ्या वाटालंय."

मला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. तिला तिथून उचलून पळत सुटावं असं वाटत होतं. पण मी एकटा, आणि भोवती पाचशे माणसं. आणि उचलून नेलं तरी उद्या झुंबरबाई तिला परत इथं आणणार, हे मला दिसत होतं.

"कोडोलीची नंदा पिराजी! सहावा गुरुवार!" चेल्यानं पुकारा केला.

दोन चेल्यांनी ताजव्यापुढं लग्नातल्यासारखा अंतरपाट धरला. आत तिसरा दांडीची पूजा करायला गेला. घंटा वाजल्या, गुलाल उडाला, बाबा काहीतरी पुटपुटला. अंतरपाट खाली आला. दांडी कुंकवाच्या रंगाच्या कापडात गुंडाळलेली, वरून झेंडूच्या माळा. रिकामी पारडी, दांडी सरळ. पिराजीनं माझ्याकडं बघून मान हलवली.

मी मात्र पारड्याखाली बघत होतो. रोग्याच्या पारड्याखाली पितळेच्या पाच घंटा लटकत होत्या. गुळाच्या पारड्याखाली एकही नव्हती.

"या घंटा कसल्या हो?" मी शेजारच्या माणसाला विचारलं.

"दर गुरुवारी येक वाढत्या," तो म्हणाला. "पयल्याला न्हाय, दुसऱ्याला येक. माझ्या धाकट्याला दोन हाईत, पर त्या गुळाच्या बाजूला. त्यो बारीक हाय न्हवं, त्याचं पुण्य चढतंय."

एका पारड्याखाली अर्ध्या अर्ध्या किलोच्या पाच घंटा, आणि तरी दांडी सरळ. सतरा वर्षांत मी खोटी वजनं पाहिली, पोकळ मापं पाहिली, पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंचही पाहिली. भीतीनं माझं डोकं बधिर झालं होतं, म्हणून एवढा वेळ लागला. अडीच किलो एका अंगाला लटकतंय आणि दांडी झुकत नाही, म्हणजे त्या अंगाची दांडी आखूड आहे.

नंदा पारड्यात बसली. पिराजी एकेक भेली ठेवू लागला आणि गर्दी मोजू लागली. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. नंदाचं पारडं अलगद वर आलं.

"तीस!" बाबा गरजला. "येका गुरुवारात येक किलो पाप उतरलं! बोला—"

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. "पारडी बदला."

बाबानं गर्दीवरून नजर फिरवली.

"कोण रं त्यो?"

"मी वजनमापे खात्याचा निरीक्षक. काटा तपासायची पहिली रीत आहे ती. या पारड्यातलं त्या पारड्यात, त्यातलं यात. काटा खरा असेल तर तीसचे तीसच भरतील."

बाबा हसला. "सायेब, तुमचा शिक्का बाजारात. हे देवाचं माप हाय. पापाच्या पारड्यात पुण्य ठेवायचं न्हाय आन् पुण्याच्या पारड्यात पाप. पोरगी जाग्याव मरंल!"

झुंबरबाई किंचाळल्या. शालननं माझा दंड धरला. "दादा, नको. तुझ्या पाया पडते, नको." मागून कुणीतरी माझ्या पाठीत गुद्दा घातला. कायद्यानं मला तिथं काहीही अधिकार नव्हता. देवाच्या ताजव्याला सरकार शिक्का मारत नाही.

तेव्हा नंदा पारड्यातून उठली. सुजलेल्या पायांनी ती गुळाच्या पारड्याकडं गेली आणि दोन्ही हातांनी भेल्या खाली ढकलू लागली.

"ए पोरी!" बाबा ओरडला. "मरशील!"

"तशी बी मरालोयच की," नंदा म्हणाली. आणि ती गुळाच्या पारड्यात बसली.

काही झालं नाही. वीज पडली नाही, जमीन फाटली नाही. नंदाचं पारडं तेवढं जमिनीला टेकलं.

मी पिराजीकडं बघितलं. तो पांढराफटक पडला होता. पण त्यानं भेली उचलली आणि दुसऱ्या पारड्यात ठेवली. एक. दोन. तीन. या वेळी गर्दी मोजत नव्हती, एकटा पिराजी मोजत होता. तीस झाल्या. नंदा जमिनीवरच. पस्तीस. छत्तीस. नंदा जमिनीवर. पिराजीच्या भेल्या संपल्या. मागच्या एका म्हातारीनं आपली पाटी पुढं सरकवली. चाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळिसावी भेली ठेवली आणि नंदा वर आली.

"ह्या पारड्यात तीस," मी ओरडलो, "त्या पारड्यात चव्वेचाळीस! पोरगी तीच, गूळ तोच! एवढ्यात चौदा किलो पाप कुठून आलं? गूळ खोटं बोलत नाही, पिराजी, दांडी बोलते!"

"माझी भेली खोटी न्हाय," पिराजी पुटपुटला. मग तो मोठ्यानं ओरडला, "माझी भेली खोटी न्हाय!" आणि त्यानं दांडीचं कापड दोन्ही हातांनी फाडलं.

झेंडू खाली पडला. लाकडावर, दोन्ही टोकांपासून आत, बोटबोट अंतरावर खाचा होत्या. ज्या कडीला रोग्याचं पारडं टांगलं होतं, ती टोकापासून पाच खाचा आत सरकवलेली. अंतरपाटामागची पूजा ती हीच. दर गुरुवारी एक खाच आत, म्हणजे तितका कमी गूळ पुरतो. आणि रिकामी दांडी त्या बाजूला हलकी होऊन उचलू नये म्हणून दर गुरुवारी एक घंटा. वाळलेला रोगी असेल तर गुळाची कडी आत. खेडोपाडी पोरं ओंडक्यावर आडवी फळी टाकून वर-खाली खेळतात, त्यांना हे कळतं. जाड पोराला आत सरकवतात आणि बारक्याला टोकाला.

बाबा "पापी नजर! पापी नजर!" ओरडत मागं सरकत होता. पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण नंदा पारड्यातून उतरली आणि गुळाच्या ढिगावर ओकली. मग तिचे डोळे वर गेले.

कोल्हापूरपर्यंत एका दुधाच्या टेंपोत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. शालन तिचे पाय चोळत होती आणि प्रत्येक वेळी बोटांचे खड्डे उमटत होते, तरी ती चोळतच होती.

डॉ. मीनाक्षी हेरलेकर मुंबईच्या सल्ल्यानं नंदाची तपासणी करायच्या. त्यांनी रक्तदाब बघितला आणि पुन्हा बघितला. मुंबईला ट्रंक कॉल लावला. तिकडचे मोठे डॉक्टर म्हणाले, प्रवास करवू नका, इंजेक्शनं तिथंच आणि आत्ताच सुरू करा. फोन ठेवून बाईंनी पदरानं कपाळ पुसलं.

"किडनी वाचेल?" मी विचारलं.

"मुलगी वाचवू या आधी," त्या म्हणाल्या.

कॉटखाली काचेचं एक मोजपात्र ठेवलं होतं. नंदाची लघवी त्यात मोजायची आणि कागदावर लिहायची. पहिल्या दिवशी दीडशे मिली. दुसऱ्या दिवशी एकशे चाळीस. मी आयुष्यात लाखभर मापं तपासली असतील. इतक्या भीतीनं कुठल्याही मापाकडं बघितलं नव्हतं. नर्स पात्र उजेडाला धरायची, आणि शालन भिंतीकडं तोंड फिरवायची. ती एकदाच म्हणाली, "माझंच हाय की रं ते. माझंच तिला का चालंना?"

डॉक्टरबाईंनी तिच्याजवळ बसून सांगितलं. "शालूताई, शरीराला नातं कळत नाही. तुमच्यातलं निम्मंच नंदाकडं आलंय, उरलेलं निम्मं तिच्यात नाही, ते तिच्या अंगाला परकं वाटतं. तेवढं पुरतं त्याला. तुम्ही दिलंत त्यात काही कमी नव्हतं."

झुंबरबाई दारात बसून होत्या. त्या म्हणाल्या, "ताजवा खोटा म्हंता, कबूल. पर तोंड उतरलं हुतं ते? ते तर आमी डोळ्यानं बघितलं की बाई. त्यात कंची खाच हुती?"

प्रश्न रास्त होता. खरं सांगायचं तर याच एका चमत्कारावर बाबाचा सगळा डोलारा उभा होता.

"आजी, चेहरा पांढऱ्या गोळीनं सुजतो," बाई म्हणाल्या. "गोळी बंद केली की उतरतो. बाबा नसता तरी उतरला असता. किडनी जात असतानाच चेहरा सुंदर होत जातो. म्हणून तर या वयाच्या पोरींचं आम्हाला भय." मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "पण महिनाभरात इतका कसा उतरला? मला दोन-तीन महिने तरी धरावे लागतात."

मी नंदाकडं बघितलं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि पापण्यांच्या कडेनं पाणी गळत होतं.

बाकीचे बाहेर गेल्यावर ती बोलली.

"दिवाळीपासनं मी पांढरी गोळी खाल्लीच न्हाय, मामा. आई हातात द्यायची. पिवळी गिळायची आन् पांढरी जिभंखाली. मग गुऱ्हाळात जाऊन चुलवाणाच्या जाळात थुकायची. कुणाला कळलं न्हाय. मग तोंड जरा उतरलं, आन् तवाच आज्जीनं बाबाकडं नेलं. सगळी म्हणली, बाबानं केलं. आन् बाबा म्हणलं, दोन्ही गोळ्या बंद." तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "मला लई बरं वाटलं. आता खोटं बोलावं लागणार नव्हतं."

"पण का गं? तुला सांगितलं होतं ना डॉक्टरांनी?"

ती उशीवर माझ्याकडं वळली.

"तू गॅदरिंगला आलतास. आठवतंय? शाळंच्या दारात मला हाक मारलीस. सगळ्या पोरीत. 'काय गं भेली!' तवापासनं सगळी शाळा मला भेलीच म्हणत्या. फळ्यावर गोल काढून त्याला डोळं काढत्यात."

मला आठवत होतं. गोल, सोनेरी, गोड चेहरा. ऑपरेशननंतर जगलेली पोर. लाडानं भेली म्हणत होतो मी. दोन वर्षं म्हणत होतो. ती हसायची, म्हणून मला वाटायचं तिला आवडतं.

मी अंधश्रद्धेच्या नावानं खडे फोडत हातकणंगल्याला गेलो होतो. बाबानं पोरीला गोळीपासून तोडलं असं मी समजत होतो. बाबा तर डिसेंबरात आला. त्याच्या आधी कुणीतरी तिला आरशासमोर नेऊन उभं केलं होतं, आणि तो माणूस वजनमापे खात्यात नोकरीला होता.

तिसऱ्या दिवशी एकशे ऐंशी मिली. चौथ्या दिवशी तीनशे दहा. पाचव्या दिवशी सकाळी नर्सनं पात्र उजेडाला धरलं आणि शालनच्या पुढं केलं. नऊशे. शालन त्या पात्राला हात लावून रडली. पिराजीनं या वेळी बाकड्याला नमस्कार केला नाही. त्यानं डॉक्टरबाईंना केला, आणि मग खाली बसून मोठा हुंदका दिला.

पण पूर्वी होतं ते परत आलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, निम्मं काम करते आहे. उरलेलं गेलं ते गेलं. किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही. "तिला अठरा पार करू द्या," ते म्हणाले. "मग मी थोडा कमी घाबरेन."

ताजवेबाबा त्याच आठवड्यात माळावरून नाहीसा झाला. मुरगूडच्या बाजूला तसाच एक बाबा आलाय म्हणतात. तिथं ताजवा नाही, आता तो कळशीत पाणी भरून पाप मोजतो. मापाची हौस त्याची गेली नाही.

वाचकहो, तुमच्या गावात असा कुणी आला, तर त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच म्हणा, पारडी बदला. खरा असेल तर त्याला राग यायचं कारण नाही. चालू असलेली गोळी बाबाच्या, आजीच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. ज्यानं सुरू केली त्यालाच विचारा. आणि घरात नंदाच्या वयाचं आजारी मूल असेल, तर त्याला औषध दिलंत एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ते औषध त्याच्यापासून काय हिरावून घेतंय, ते त्याच्याजवळ बसून विचारा. आपण विचारलं नाही, की ते उत्तर एखादा बाबा देतो.

मी आता दर रविवारी कोडोलीला जातो. गुऱ्हाळात पिराजीच्या नव्या भेल्या साच्यातून निघत असतात. जेवणं झाली की नंदा माझ्यासमोर येते, तळहातावरची पांढरी गोळी दाखवते, गिळते, आणि जीभ वर करून दाखवते. मी न सांगताच दाखवते. चेहरा तिचा पुन्हा गोल झालाय. काही रविवारी ती रडते, मग मी तिच्याजवळ बसून राहतो, आणि गोळी तेवढी उशिरा होते, पण होते.

हाक मारायची वेळ आली की मी तिला नंदा म्हणतो.